दोन स्तंभांमधली जागा : 'कुल्तुरा' प्रकल्प आणि देशोदेशींच्या भाषावर्गांची जोडणी

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात आंतरजाल विद्यापीठांच्या आवारात पोहोचले, तेव्हा परभाषेच्या अध्यापकांना त्यात एक जुनी इच्छा पुरी होताना दिसली. परभाषेचा वर्ग मुळातच कृत्रिम असतो. जी भाषा शिकायची ती सहजपणे बोलणारा माणूस त्या खोलीत बहुधा नसतो. शिक्षक आणि विद्यार्थी ती भाषा परस्परांशी बोलण्याचा अभिनय करीत असतात. पुण्यातील फ्रेंचच्या वर्गात रेल्वेचे तिकीट मागण्याचा संवाद तोंडपाठ होतो. परंतु तिकीट देणारा शेजारच्या बाकावरचा मराठी मुलगाच असतो आणि दोघांनाही ते ठाऊक असते. दूरदेशीचा वर्ग संगणकाच्या पडद्यावर आणता आला तर हा अभिनय संपेल, अशी अपेक्षा त्या काळात व्यक्त झाली. तिच्यापोटी ईमेलची देवाणघेवाण, चर्चामंच, पुढे ध्वनिचित्रसंभाषण असे अनेक प्रयोग झाले आणि त्यांवर विपुल लेखनही झाले.

या प्रयोगांचे मूल्यमापन बहुधा माध्यमाच्या अंगाने केले जाते. जोडणी किती वेगवान होती, चित्र किती स्पष्ट होते, विद्यार्थ्यांना किती आनंद झाला, हे प्रश्न आधी विचारले जातात. प्रत्येक बाजूने कोणत्या भाषेत लिहावयाचे, आणि समोरच्या बाजूला आपली भाषा हवी आहे काय, हा प्रश्न मात्र मागे राहतो. प्रस्तुत लेखात 'कुल्तुरा' या अमेरिकन-फ्रेंच प्रकल्पाची चिकित्सा याच प्रश्नाच्या आधारे केली आहे. या क्षेत्रातील तो सर्वांत विचारपूर्वक रचलेला प्रकल्प असल्यामुळे त्याची बलस्थाने आणि गृहीतके दोन्ही तपासण्याजोगी आहेत.

पूर्वपीठिका

दोन वर्ग जोडण्याची कल्पना संगणकाहून जुनी आहे. दक्षिण फ्रान्समधील बार-स्यूर-लू या खेड्यात प्राथमिक शिक्षक असलेल्या सेलेस्तँ फ्रेने यांनी 1920 च्या दशकात वर्गात छोटे मुद्रणयंत्र आणले. मुलांनी स्वतःच्या गावाविषयी लिहिलेला मजकूर मुलांनीच छापावयाचा आणि दूरच्या शाळेला टपालाने पाठवावयाचा, अशी ही पद्धत होती. ब्रिटनीच्या किनाऱ्यावरील त्रेगँक येथील शाळेशी त्यांचा असा पत्रव्यवहार चालला. दोन्ही शाळा एकाच देशातील असल्या तरी डोंगरउतारावरचे गाव आणि अटलांटिकवरचे मासेमारांचे गाव यांत अंतर पुष्कळ होते. या पद्धतीतील एक बारकावा पुढील प्रयोगांत अनेकदा विसरला गेला. मुले जे लिहीत ते परक्याला समजावे म्हणून लिहीत. त्यामुळे स्वतःच्या गावातील रोजच्या गोष्टी त्यांना नव्याने पाहाव्या लागत. टपालाला लागणारे दिवस हा तेथे अडथळा नव्हता. पुन्हा वाचण्यासाठी आणि उत्तर जुळविण्यासाठी तो वेळ उपयोगी पडत असे.

1990 च्या दशकात जर्मनीतील बोखुम येथील रूर विद्यापीठात हेल्मुट ब्रामर्ट्स यांनी ईमेलद्वारे 'टँडेम' पद्धती रुजविली. दोघांनी चालवावयाच्या जोडसायकलीवरून हे नाव आले आहे. जर्मन शिकणारा स्पॅनिश आणि स्पॅनिश शिकणारा जर्मन अशी जोडी जमवावयाची, आणि प्रत्येकाने अर्धा वेळ दुसऱ्याच्या भाषेसाठी द्यावयाचा, हा तिचा नियम. परस्परता आणि स्वायत्तता ही तिची दोन तत्त्वे मानली गेली. परस्परता म्हणजे येथे निव्वळ सौजन्य नव्हे. ती एक प्रकारची देवघेव आहे, आणि देवघेवीला दोन्ही बाजूंना मागणी असावी लागते. ही अट जर्मन-स्पॅनिश जोडीत सहज पुरी होत असल्यामुळे तिचा स्वतंत्र विचार करण्याची गरज कोणाला भासली नाही.

'कुल्तुरा'ची रचना

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत जिल्बेर्त फर्स्टनबर्ग, साबिन लव्हे आणि शॉगी वॅरिन यांनी 1997 मध्ये 'कुल्तुरा' प्रकल्प सुरू केला. पॅरिसच्या दक्षिणेस एव्हरी येथील दूरसंचार अभियांत्रिकी संस्था ही त्याची एक प्रमुख फ्रेंच सहभागी होती. फ्रेंच शिकणारे अमेरिकन विद्यार्थी आणि इंग्रजी शिकणारे फ्रेंच विद्यार्थी असे दोन वर्ग एका सत्रापुरते जोडले जात. 2001 मध्ये या प्रकल्पाचे सविस्तर विवेचन प्रसिद्ध झाले. एडवर्ड हॉल यांनी 1959 मध्ये संस्कृतीला 'मूक भाषा' म्हटले होते. त्या मूक भाषेला वाचा देणे हे उद्दिष्ट या विवेचनात मांडले आहे.

प्रकल्पाचा प्रारंभ ओळखपाळखीने होत नाही. दोन्ही वर्गांना समान प्रश्नावली मिळते आणि तिचे तीन भाग असतात. पहिल्या भागात एका शब्दावरून मनात येणारे दोन-तीन शब्द लिहावयाचे. दुसऱ्यात अपूर्ण वाक्ये पुरी करावयाची, जसे 'चांगला शेजारी तो, जो...', तिसऱ्यात एखाद्या प्रसंगी आपण काय कराल ते सांगावयाचे. दुकानात एक आई मुलाला थप्पड मारताना दिसली तर काय कराल? रांगेत तुमच्यापुढे कोणी घुसले तर काय कराल? बँकेतील कर्मचाऱ्याने तुम्हांला थेट पहिल्या नावाने हाक मारली तर काय वाटेल? ही उत्तरे संकेतस्थळावर शेजारी-शेजारी दोन स्तंभांत मांडली जातात. विद्यार्थी आधी एकट्याने आणि मग वर्गात ती वाचतात, साम्यभेद टिपतात आणि नंतर चर्चामंचावर पलीकडच्यांना प्रश्न विचारतात. पुढील टप्प्यांत राष्ट्रीय पाहण्यांची आकडेवारी, वृत्तपत्रे आणि चित्रपट येतात. 1985 चा फ्रेंच चित्रपट 'त्रवा झॉम ए अँ कुफँ' आणि त्यावरूनच हॉलिवूडने 1987 मध्ये काढलेला 'थ्री मेन अँड अ बेबी' यांची तुलना हा त्यांतील एक लक्षणीय भाग होय. कथानक एकच आणि दोन समाजांनी ते वेगवेगळे सांगितलेले. तुलनेसाठी याहून सोयीची सामग्री सापडणे कठीण आहे.

'इंडिव्हिज्युअलिझम' आणि 'अँदिव्हिद्युआलिझ्म' या जोडशब्दाचे उदाहरण या प्रकल्पाच्या संदर्भात नेहमी दिले जाते, आणि ते योग्यच आहे. कोशात हे दोन शब्द एकमेकांचे पर्याय आहेत. अमेरिकन स्तंभात मात्र स्वातंत्र्य, स्वावलंबन, सर्जनशीलता अशा अर्थांचे शब्द येतात आणि फ्रेंच स्तंभात स्वार्थ, एकाकीपणा अशा अर्थांचे शब्द वारंवार दिसतात. मराठी वाचकाला हे पटकन कळावे असे आहे. 'व्यक्तिवाद' हा शब्द मराठी समीक्षेत प्रशंसेचा आहे की दोषारोपाचा, हे तो कोण वापरतो यावर ठरते. आणि 'व्यक्तिस्वातंत्र्य' म्हटले की सूर लगेच बदलतो. परंतु कोशात हा सूर छापलेला नसतो. तो वीस-पंचवीस उत्तरे एकाखाली एक वाचल्यावरच ऐकू येतो.

'कुल्तुरा'चे खरे यश या ठिकाणी आहे. संगणकाने दिलेला वेग या प्रकल्पाने फारसा वापरलाच नाही. त्याने वापरली ती मांडणी : दोन वर्गांची उत्तरे एकाच वेळी, एकाच पानावर, शेजारी. चर्चामंचावरील लेखनही समोरासमोरच्या संभाषणासारखे तात्काळ नव्हते. विचार करून, दुसऱ्या दिवशी उत्तर देता येईल असे होते. फ्रेने यांच्या टपालातील सावकाशपणा येथे जाणीवपूर्वक जपलेला दिसतो. अध्यापनात नवे माध्यम आले की त्याचा सर्वांत झगझगीत गुण वापरण्याचा मोह होतो. या प्रकल्पाच्या कर्त्यांनी तो टाळला.

आपापल्या भाषेत लिहिणे

प्रकल्पाचा सर्वांत धाडसी निर्णय भाषेविषयीचा आहे. प्रश्नावलीची उत्तरे आणि चर्चामंचावरील लेखन प्रत्येकाने आपापल्या भाषेत करावयाचे असते. अमेरिकन विद्यार्थी इंग्रजीत लिहितो आणि फ्रेंच वाचतो. फ्रेंच विद्यार्थी फ्रेंचमध्ये लिहितो आणि इंग्रजी वाचतो. शिकण्याच्या भाषेत बोलणे आणि लिहिणे हे आपापल्या वर्गात, शिक्षकासमोर होते. परभाषेचा सराव व्हावा म्हणून वर्ग जोडावयाचे आणि सरावाची मुख्य संधीच काढून घ्यावयाची, हे प्रथमदर्शनी विसंगत वाटते, आणि तसा आक्षेप घेता येतो.

तथापि या निर्णयामागील युक्तिवाद भक्कम आहे. अर्धवट येणाऱ्या भाषेत माणूस आपल्याला काय म्हणायचे आहे ते लिहीत नाही, आपल्याला जे म्हणता येते ते लिहितो. परभाषेच्या दुसऱ्या वर्षातील विद्यार्थ्याला 'थप्पड मारणाऱ्या आईविषयी' लिहावयास सांगितले तर तो 'हे चांगले नाही' येथेच थांबतो. स्वभाषेत तोच विद्यार्थी संकोच, राग, 'दुसऱ्याच्या घरात नाक खुपसू नये' ही शिकवण आणि तरीही होणारी चलबिचल हे सारे मांडू शकतो. समोरच्याला मग जिवंत, अस्सल मजकूर वाचावयास मिळतो. पाठ्यपुस्तकात तो मिळत नाही. शिवाय दोन्ही बाजू समान पातळीवर येतात. एक जण आपल्या भाषेत सफाईने बोलतो आणि दुसरा अडखळतो, ही विषमता टळते. या भूमिकेत भाषा शिकणे म्हणजे प्रथम वाचावयास शिकणे होय. संवादकौशल्याच्या नावाखाली वाचनाची उपेक्षा झालेल्या काळात ही भूमिका घेणे सोपे नव्हते.

याच ठिकाणी प्रकल्पाचे एक गृहीतकही उघडे पडते. त्याकडे पुढे वळावे लागेल. त्याआधी दोन स्तंभांच्या मांडणीतील एक अडचण पाहणे आवश्यक आहे.

स्तंभाला मिळालेले नाव

उत्तरांच्या दोन स्तंभांना नावे द्यावीच लागतात, आणि येथे ती देशांची आहेत. त्यामुळे एका नामवंत तंत्रशिक्षणसंस्थेतील एका वर्गाची उत्तरे 'अमेरिका' होतात आणि एका अभियांत्रिकी संस्थेतील एका वर्गाची उत्तरे 'फ्रान्स' होतात. 'सबर्ब' आणि 'बाँलियू' ही प्रश्नावलीतील शब्दजोडी या दृष्टीने उद्बोधक आहे. दोन्ही शब्दांचा कोशगत अर्थ 'उपनगर'. अमेरिकन विद्यार्थ्यांना त्यावरून घरे, हिरवळ, सुबत्ता, कंटाळा आठवतो. फ्रेंच विद्यार्थ्यांना सरकारी इमारतींच्या चाळी, गरिबी, हिंसा आठवते. तुलना रंजक आहे. परंतु एव्हरी हेच मुळी पॅरिसच्या बाँलियूत मोडणारे, 1960 च्या दशकात नियोजनपूर्वक वसविण्यास घेतलेले नगर आहे. हिंसा आणि गरिबी लिहिणारा विद्यार्थी त्या उपनगराच्या आतूनच लिहीत आहे, आणि त्याच उपनगरातील स्थलांतरितांच्या मुलांचा स्वर मात्र या स्तंभात शिरलेला असेलच असे नाही. 2005 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये क्लिशी-सू-ब्वापासून सुरू झालेल्या दंगलींनंतर 'बाँलियू म्हणजे काय' हा प्रश्न फ्रान्समध्येच किती वादग्रस्त आहे, हे जगाने पाहिले. दोन देशांमधील भेद पाहण्यासाठी आखलेली चौकट एका देशातील भेद झाकू शकते.

प्रकल्पाच्या कर्त्यांना याची जाणीव नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. आपली निरीक्षणे राष्ट्रीय पाहण्यांशी ताडून पाहण्याचा टप्पा त्यांनी यासाठीच ठेवला, आणि 'सगळे फ्रेंच असेच असतात काय' हा प्रश्न विद्यार्थ्यांनी चर्चामंचावर विचारावा हीच त्यांची अपेक्षा होती. मायकेल बायरम यांनी 1997 मध्ये आंतरसांस्कृतिक क्षमतेची जी मांडणी केली, तीत स्वतःच्या समजुती तात्पुरत्या बाजूला ठेवण्याच्या तयारीला महत्त्वाचे स्थान आहे. ती तयारी या प्रक्रियेत होऊ शकते. तरीही मांडणीची एक ताकद असते. पडद्यावर रोज 'फ्रेंच' आणि 'अमेरिकन' असे मथळे दिसत राहिले, तर विद्यार्थी प्रथम राष्ट्र पाहतो. व्यक्ती, वर्ग, वंश हे त्यास नंतर, शिक्षकाने आठवण करून दिल्यासच दिसतात. या शिक्षकाचे काम किती नाजूक आहे, याची चर्चा प्रकल्पाविषयीच्या लेखनात अधिक असावयास हवी होती.

जोडणी कोठे तुटते

'कुल्तुरा'सारखी काटेकोर रचना नसलेल्या देवाणघेवाणीत काय घडते, याचे अभ्यास 2000 नंतरच्या काही वर्षांत प्रसिद्ध झाले, आणि आरंभीच्या उत्साहावरचा तो उपयुक्त उतारा ठरला. क्लेअर क्राम्श आणि स्टीव्हन थॉर्न यांनी 2002 मध्ये अमेरिकन आणि फ्रेंच विद्यार्थ्यांच्या अशाच एका देवाणघेवाणीचे विश्लेषण केले. अमेरिकन विद्यार्थी या लेखनाकडे मैत्री जमविण्याचे साधन म्हणून पाहत होते. फ्रेंच विद्यार्थी माहितीपूर्ण, वस्तुनिष्ठ, किंचित निबंधासारखे लिहीत होते. भाषा दोघांना कळत होती. जे जुळले नाही ते लेखनप्रकाराचे संकेत होते. मराठीत सांगावयाचे तर एकाने खुशालीचे पत्र पाठवावे आणि दुसऱ्याने त्यास वृत्तपत्रातील स्फुटाने उत्तर द्यावे, तसा हा प्रकार होता. थॉर्न यांनी 2003 मध्ये आणखी एक मुद्दा मांडला : ईमेल हे साधन सर्वांसाठी सारखे नसते. अमेरिकन तरुणांच्या दृष्टीने ते प्राध्यापकांशी आणि वडीलधाऱ्यांशी बोलण्याचे साधन होते, मित्रांशी बोलण्यासाठी ते तात्काळ संदेशसेवा वापरीत. मैत्री करा असे सांगून अर्ज लिहिण्याचे साधन हाती दिल्यासारखे ते झाले.

जूली बेल्झ आणि आंद्रेआस म्युलर-हार्टमान यांचा 2003 मधील अभ्यास तर प्रत्येक विभागप्रमुखाने वाचावा असा आहे, कारण तो विद्यार्थ्यांपेक्षा शिक्षकांविषयी बोलतो. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठ आणि जर्मनीतील गीसन येथील विद्यापीठ यांचे वर्ग जोडताना अडचण आली ती वेळापत्रकाची, गुणांकनाची आणि कार्यभाराची. अमेरिकन सत्र ऑगस्टअखेरीस सुरू होऊन डिसेंबरमध्ये संपते. जर्मन हिवाळी सत्र ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होते. एका बाजूचे विद्यार्थी परीक्षेच्या तोंडावर असताना दुसऱ्या बाजूचे नुकते स्थिरस्थावर होत असतात. एका बाजूला प्रत्येक संदेशाचा गुणांशी संबंध, दुसऱ्या बाजूला तितका नाही. मग उत्तर उशिरा आले की त्याचा अर्थ 'त्यांना आमच्यात रस नाही' असा लावला जातो, आणि दोष संस्कृतीच्या माथी मारला जातो. पेज वेअर यांनी 2005 मध्ये जर्मन-अमेरिकन विद्यार्थ्यांच्या अशाच एका देवाणघेवाणीत, गैरसमज होण्याइतकाही संवाद घडत नाही, तो नुसताच हुकतो, असे दाखवून दिले. भांडण झाले असते तर काही शिकता तरी आले असते!

2003 मध्ये स्काइप आले आणि ध्वनिचित्रसंभाषण सामान्य महाविद्यालयांच्याही आवाक्यात आले. ब्राझीलमधील साओ पाउलो राज्य विद्यापीठात जुआंव तेलेस यांच्या पुढाकाराने 2006 पासून 'टेलिटँडेम' प्रकल्प उभा राहिला. ब्रामर्ट्स यांच्या पद्धतीचे हे ध्वनिचित्ररूप होय. त्यात निम्मा वेळ एका भाषेत, निम्मा दुसऱ्या भाषेत आणि दोन्हींची सरमिसळ करावयाची नाही, असा दंडक आहे. स्काइप 2025 च्या मे महिन्यात बंद झाले, परंतु तो दंडक अन्य साधनांवर चालू शकतो. कोणत्याही प्रकल्पाने स्वतःला एका साधनाच्या नावाशी बांधून घेऊ नये, हा यातून मिळणारा व्यावहारिक धडा. 2020 च्या टाळेबंदीनंतर पडदा प्रत्येक वर्गात आला हे खरे. तेव्हापासून तंत्राचा अभाव ही सबब मात्र उरलेली नाही.

मागणी असलेली भाषा आणि नसलेली भाषा

'कुल्तुरा'तील समतेला एक अदृश्य आधार आहे. फ्रान्समधील विद्यार्थ्याला इंग्रजी हवी आहे, अमेरिकेतील विद्यार्थ्याला फ्रेंच हवी आहे. म्हणून दोघांनी आपापल्या भाषेत लिहिले तरी दोघांचेही काम होते. हीच रचना महाराष्ट्रात आणून पाहिली तर काय होईल? पुणे विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये परकीय भाषांच्या अध्यापनाची दीर्घ परंपरा आहे. राज्यातील अनेक महाविद्यालयांत फ्रेंच, जर्मन, जपानी शिकविल्या जातात. समजा, येथील फ्रेंचचा वर्ग फ्रान्समधील एखाद्या वर्गाशी जोडला. नियमाप्रमाणे येथील विद्यार्थ्याने स्वभाषेत, म्हणजे मराठीत लिहावयास हवे. परंतु पलीकडचा विद्यार्थी मराठी शिकत नाही, इंग्रजी शिकतो. मग येथील विद्यार्थी इंग्रजीत लिहील. जी त्याचीही शिकलेली भाषा आहे. 'कुल्तुरा'ने ज्या कारणासाठी स्वभाषेचा आग्रह धरला, ते कारणच येथे नाहीसे होते. थप्पड मारणाऱ्या आईविषयी नांदेडहून पुण्यास आलेली विद्यार्थिनी इंग्रजीत काय लिहील आणि मराठीत काय लिहील, यातील अंतर कोणत्याही शिक्षकाला ठाऊक आहे. फ्रेंच विद्यार्थ्यालाही या जोडणीतून इंग्रजीची अपेक्षा असल्याने, त्याचा शिक्षक उद्या भारताऐवजी आयर्लंडमधील वर्ग निवडील, आणि त्यास दोष देता येणार नाही.

म्हणजे परस्परतेचे तत्त्व भाषांच्या बाजारभावावर उभे आहे. ज्या भाषांना जगात मागणी आहे त्यांच्यात समता सहज नांदते. इतरांना मध्यस्थ म्हणून इंग्रजी पत्करावी लागते. देशोदेशींचे वर्ग जोडण्याविषयीच्या पाश्चात्त्य लेखनात इंग्रजी-जर्मन, इंग्रजी-फ्रेंच, इंग्रजी-स्पॅनिश या जोड्यांचाच वारंवार उल्लेख का आढळतो, याचे हे एक कारण असावे. साने गुरुजींनी आंतरभारतीची कल्पना मांडली तेव्हा एका प्रांताने दुसऱ्या प्रांताची भाषा आपुलकीने शिकावी, ही तिच्यामागील भावना होती. ती कल्पना संगणकाअभावी अडलेली नाही. शेजारची भाषा शिकण्याची इच्छाच कमी पडली.

या कोंडीतून एक वाट फ्रेंच अध्यापकांनीच दाखविली आहे. क्रिस्तीन देव्हलोत आणि फ्रान्स्वा मांजनो यांनी 2002 मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पात परदेशातील फ्रेंच शिकणाऱ्यांची गाठ फ्रान्समधील भावी शिक्षकांशी घालून दिली जाते. पुढे बर्कली येथील विद्यार्थी आणि ल्योन येथील प्रशिक्षणार्थी शिक्षक यांच्यात ध्वनिचित्रसंभाषणाद्वारे अशी सत्रे झाली. एका बाजूला भाषा शिकावयाची आहे, दुसऱ्या बाजूला ती शिकविणे शिकावयाचे आहे. येथे दोन भाषांची देवघेव नाही. तरीही दोघांना काही मिळते. विषमता नाकारण्याऐवजी ती मान्य करून रचना केल्यामुळे ती निरुपद्रवी होते. महाराष्ट्रातील फ्रेंच आणि जर्मनच्या वर्गांना हीच रचना अधिक मानवेल, असे म्हणावयास आधार आहे. भावी शिक्षकाला अमेरिकन विद्यार्थी आणि मराठी विद्यार्थी दोघेही सारखेच उपयोगाचे असतात. किंबहुना तीन भाषा घेऊन आलेला विद्यार्थी कोठे अडतो, हे पाहणे त्याला अधिक शिकवून जाईल.

मराठीचा वर्ग

मराठीसाठी वेगळा विचार करावा लागतो. मराठी ही परभाषा म्हणून शिकणारे परदेशांत थोडेच आहेत. शिकागो विद्यापीठात ती दीर्घकाळ शिकविली गेली; मॅक्सीन बर्नसन आणि जाई निंबकर यांनी अमराठी विद्यार्थ्यांसाठी केलेली पुस्तके आजही उपयोगी आहेत. परंतु वारसा म्हणून मराठी शिकणारे वर्ग देशाबाहेर खरोखर भरतात : उत्तर अमेरिकेतील शनिवार-रविवारच्या मराठी शाळा आणि त्यांहून कितीतरी जुने मॉरिशसमधील वर्ग. एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज तेथे आहेत. शाळांत मराठी शिकविली जाते, मोका येथे 1970 मध्ये स्थापन झालेल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये तिचे उच्च शिक्षण होते, आणि गणेशचतुर्थीला देशाची सार्वजनिक सुट्टी असते. घराघरांत मात्र आज बहुधा क्रिओल बोलली जाते.

येथे 'आपापल्या भाषेत लिहा' हा नियम दुहेरी अडचण करतो. मॉरिशसच्या विद्यार्थ्याने क्रिओलमध्ये लिहिले तर महाराष्ट्रातील वर्गाला ते वाचता येणार नाही. मराठीत लिहिले तर ती त्याची वारशाची भाषा आहे, सफाईची नाही. समोरचा सफाईने लिहिणार आणि आपण अडखळणार, ही 'कुल्तुरा'ने टाळलेली विषमता परत येते. त्यावर भर पडते ती 'शुद्ध' मराठीच्या दडपणाची. महाराष्ट्रातील विद्यार्थी, आणि त्याहूनही त्याचा शिक्षक, पलीकडच्याचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारू लागला तर जोडणी दुसऱ्याच आठवड्यात संपेल. म्हणून प्रश्नावलीचा पहिला भाग, एका शब्दावरून दोन-तीन शब्द, हाच येथे सर्वांत उपयोगी ठरावा. तेथे वाक्यरचना लागत नाही, व्याकरण अडवीत नाही. आणि क्रिओल शब्द आला तर तो अर्थासह राहू द्यावा.

स्तंभ दोन असले तरी भाषा एकच असल्याने या तुलनेला वेगळे वळण लागते. 'ऊस' हा शब्द कोल्हापूरच्या महाविद्यालयात आणि मोका येथील वर्गात द्यावा. एका बाजूला कारखाना, पहिली उचल, तोडणीची टोळी, काटा हे शब्द येतील असे मानावयास जागा आहे. दुसऱ्या बाजूला कदाचित पणजोबा, जहाज, मळा. आणि तोडणीची टोळी हा शब्द कोणत्या विद्यार्थ्याने लिहिला, बागायतदाराच्या मुलाने की बीडहून हंगामाला येणाऱ्या मजुराच्या मुलीने, हे विचारले की महाराष्ट्राचा स्तंभ आतूनच दुभंगतो. करारावर गेलेल्या मॉरिशसच्या मजुराशी त्यातला कोणता अर्धा भाग अधिक जवळचा, हा प्रश्न वर्गात उभा राहतो. 'जाखडी' हा शब्द द्यावा. कोकणातून गेलेले हे नृत्य मॉरिशसमध्ये 'झाकरी' म्हणून ओळखले जाते, आणि रत्नागिरीच्या विद्यार्थ्याला ते कळल्यावर तो पुढचा प्रश्न आपणहून विचारील. 'गाव' हा शब्द द्यावा.

अशा जोडणीला विशेष खर्च नाही. लागते ती दोन बाजूंच्या शिक्षकांची सत्रापूर्वीची भेट, समान प्रश्नावली आणि वेळापत्रकातील मेळ. मॉरिशसचे शालेय वर्ष जानेवारीत सुरू होते आणि आपले पहिले सत्र जूनमध्ये. दोन्हीकडे परीक्षा नसतील असे सहा आठवडे आधी शोधावे लागतील. हे काम कार्यभारात धरले जावे, हेही विभागाने सत्र सुरू होण्यापूर्वीच लेखी मान्य करून घ्यावयास हवे.